सिएलोचे विक्रम आणि आजचा जॅमर: स्प्रिंटरसाठी रेस सूटचं परीक्षण

महागडा रेस जॅमर घ्यावा का, हा प्रश्न आला की आम्ही सेझार सिएलोचे आकडे समोर ठेवतो. ब्राझीलच्या या स्प्रिंटरने पॉलियुरेथेन या रबरासारख्या प्लॅस्टिकच्या सूटच्या काळात विश्वविक्रम केले, आणि ते सूट बंद झाल्यावर कमरेपासून गुडघ्यापर्यंतच्या कापडी जॅमरमध्येही तो जगज्जेता झाला. माणूस तोच, अंतर तेच, फक्त सूट बदलला. इतकी स्वच्छ तुलना कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात सापडणार नाही.

इथे आम्ही वरच्या श्रेणीतले दोन जॅमर मुख्यतः घेतले आहेत: अरीना पॉवरस्किन कार्बन कोअर एफएक्स आणि स्पीडो फास्टस्किन एलझेडआर प्युअर इंटेंट. जोडीला त्याच कंपन्यांचे हलके, जास्त लवचीक पर्याय. निकाल आधीच सांगून टाकतो. 50 आणि 100 मीटर फ्रीस्टाइलसाठी दोन्ही उत्तम आहेत. त्यातला जो तुमच्या कमरेला आणि मांडीला नीट बसेल तो घ्या. पण स्टार्ट आणि पाण्यातली शरीराची रेषा अजून कच्ची असेल, तर यंदा कुठलाच घेऊ नका. असं का म्हणतो, ते सिएलोच्या आकड्यांतून कळेल.

50 मीटर फ्रीस्टाइलचा अलेक्सांदर पोपोवचा 21.64 सेकंदांचा विक्रम 2000 सालचा. तो साडेसात वर्षांहून अधिक टिकला. फेब्रुवारी 2008 मध्ये स्पीडोचा एलझेडआर रेसर बाजारात आला आणि त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या इमन सलिव्हनने 21.56 ची नोंद केली. मार्च संपेपर्यंत विक्रम 21.28 वर आला होता. इतकी वर्षं जागचा न हललेला आकडा दीड महिन्यात 0.36 सेकंदाने खाली! त्या सूटला टाक्यांची शिवण नव्हती, कापडाचे तुकडे अल्ट्रासाउंडने जोडलेले होते. ठरावीक जागी पॉलियुरेथेनच्या पट्ट्या होत्या आणि कापडाची चाचणी नासाच्या वाऱ्याच्या बोगद्यात झाली होती. बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे 25 विश्वविक्रम झाले, त्यातले 23 हा सूट घातलेल्यांचे.

त्या ऑलिंपिकमध्ये सिएलोने 50 मीटर 21.30 मध्ये जिंकली. तो ऑलिंपिक विक्रम ठरला आणि पोहण्यातलं ब्राझीलचं पहिलं ऑलिंपिक सुवर्णही. 100 मीटरमध्ये 47.67 अशा एकाच वेळेवर त्याला आणि अमेरिकेच्या जेसन लेझाकला मिळून कांस्य मिळालं. तेव्हा तो अमेरिकेत ऑबर्न विद्यापीठात ब्रेट हॉक यांच्याकडे सराव करत होता. हॉक स्वतः ऑस्ट्रेलियाचे ऑलिंपिक स्प्रिंटर. स्टार्टपासून पाण्याबाहेर येईपर्यंतच्या पहिल्या काही मीटरवर मेहनत घेणारी ही शाळा आहे, आणि सिएलोची सगळी कारकीर्द त्या पायावर उभी राहिली.

2009 मध्ये इतर कंपन्या स्पीडोच्या पुढे गेल्या. जाकेड आणि अरीनाने जवळजवळ सगळाच सूट पॉलियुरेथेनचा केला. एप्रिलमध्ये फ्रान्सच्या फ्रेदेरिक बुस्केने 50 मीटर 20.94 मध्ये मारली, 21 च्या आत येणारा तो पहिला. त्याच राष्ट्रीय स्पर्धेत आलँ बर्नारने 100 मीटर 46.94 मध्ये पूर्ण केली, पण त्याच्या अंगावरच्या अरीना एक्स-ग्लाइडला मान्यता मिळाली नाही म्हणून तो विक्रम ग्राह्य धरला गेला नाही. मग जुलैअखेरीला रोमची जागतिक स्पर्धा आली. एका स्पर्धेत 43 विश्वविक्रम. सिएलोने 100 मीटर 46.91 मध्ये जिंकली, पहिले 50 मीटर 22.17 आणि परतीचे 24.74. 50 मीटरचं सुवर्णही त्याचंच, 21.08. डिसेंबरमध्ये साओ पाउलोला त्याने 20.91 लावले. त्यानंतर दोन आठवड्यांत ते सूट कायमचे बंद झाले.

पॉलियुरेथेन एवढं का चाललं? एक तर ते पाणी पीत नाही. कापड भिजतं, जड होतं, पॉलियुरेथेन कोरडंच राहतं. दुसरं, त्यातून हवा आरपार जात नाही, त्यामुळे सूट आणि कातडीच्या मध्ये थोडी हवा अडकते आणि शरीर पाण्यावर जरा उंच राहतं. तिसरं, ते इतकं घट्ट असतं की मांड्या, नितंब आणि पोट एकजीव होतात आणि पाण्याच्या माऱ्याने स्नायू थरथरत नाहीत. दमलेल्या माणसाचं कंबर खाली जाणं ही स्प्रिंटमधली सर्वांत महाग चूक. कंबर दोन-तीन बोटं खाली गेली तरी समोरून येणाऱ्या पाण्यासमोर शरीराचा जास्त भाग उभा राहतो आणि किकचा अर्धा जोर ते सावरण्यात जातो. पॉलियुरेथेनच्या सूटमध्ये दमलेली कंबरही वरच राहायची.

1 जानेवारी 2010 पासूनचे नियम आजही आपल्या खरेदीची चौकट ठरवतात. पुरुषांचा सूट बेंबीच्या वर आणि गुडघ्याच्या खाली जाता कामा नये. स्त्रियांचा खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, मान आणि दंड उघडे. साहित्य कापडच हवं. जाडी जास्तीत जास्त 0.8 मिलिमीटर, तरंगण्याचा जोर 0.5 न्यूटनच्या आत, आणि कापडातून हवा आरपार जायला हवी: दर चौरस मीटरमागे सेकंदाला 80 लिटरपेक्षा जास्त. चेन चालत नाही, पुरुषांच्या कमरेला नाडी चालते. एकावर एक दोन सूट चालत नाहीत. थोडक्यात, रोममध्ये ज्यामुळे वेग आला ते सगळं नियमाने काढून घेतलं. उरलं ते घट्टपण, कमी शिवणी आणि कापडावरचा पाणी झटकणारा लेप. तुम्ही पैसे मोजता ते या तीन गोष्टींचे.

आता सिएलोचे पुढचे आकडे पाहा. 2011 च्या शांघाय जागतिक स्पर्धेत, कापडी जॅमरमध्ये, 50 मीटर 21.52. सुवर्ण त्याचंच, पण रोमपेक्षा 0.44 सेकंद जास्त. आणि 100 मीटर? 48.01, चौथा क्रमांक. कांस्य गेलं 48.00 ला. म्हणजे 50 मध्ये सव्वादोन टक्क्यांच्या आत राहिलेला माणूस 100 मध्ये 1.10 सेकंदाने मागे पडला. अंतर दुप्पट झालं आणि तोटा अडीचपट. सगळा दोष सूटवर टाकता येणार नाही. मधे दोन वर्षं गेली होती. शिवाय स्पर्धेच्या तोंडावर फ्युरोसेमाइड या बंदी असलेल्या औषधाचं प्रकरण चालू होतं. दूषित कॅफीन गोळ्यांमुळे ते शरीरात गेल्याचं मान्य होऊन क्रीडा लवादाने ताकीद कायम ठेवली, ती शर्यती सुरू होण्याच्या अगदी काही दिवस आधी. पण आकड्यांचा कल त्या काळातल्या बहुतेक स्प्रिंटरांमध्ये असाच दिसतो. सूटची मदत सर्वांत जास्त होते ती दमल्यावर, 100 च्या शेवटच्या 15-20 मीटरमध्ये. आजचा जॅमर विकत घेतानाही कसोटी तीच लावा: शेवटच्या 15 मीटरला तो तुमची कंबर धरून ठेवतो का?

पुढे काय झालं तेही महत्त्वाचं. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 50 मीटरला सिएलो 21.59 ने तिसरा आला, पण 2013 ला बार्सिलोनात त्याच कापडी जॅमरच्या नियमांत 21.32 मारून पुन्हा जगज्जेता झाला. 2008 च्या बीजिंगमधल्या त्याच्या वेळेपासून फक्त 0.02 दूर. ज्यावरून उडी मारतात ते स्टार्टचे ब्लॉकही बदलले होते. मागच्या पायाला टेकू देणारी तिरपी पट्टी असलेले ब्लॉक ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा लंडनला आले, आणि त्यांनी स्टार्टची ताकद वाढवली. 2019 मध्ये केलेब ड्रेसेलने 50 मीटरमध्ये 21.04 पर्यंत मजल मारली. 100 मीटरमधला सिएलोचा 46.91 तेरा वर्षांनी, 2022 मध्ये, त्याच रोमच्या तलावात डेव्हिड पोपोविचने 46.86 ने मोडला. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पान झानलेने 46.40 केले. त्याचे पहिले 50 मीटर 22.28, सिएलोपेक्षा हळू. परतीचे 24.12. जो भाग सूट सांभाळून द्यायचा तो आता पाय आणि पोटाचे स्नायू सांभाळतात, आणि जास्त चांगला सांभाळतात. सूटवर खर्च करण्याआधी किकच्या सेटवर घाम गाळा असं कोच ओरडतात, त्यामागे हे गणित आहे.

मग जॅमर घ्यायचाच कशाला? कारण शर्यती शंभराव्या भागाने ठरतात, आणि त्याची किंमत कोल्हापूरकरांना वेगळी सांगायला नको. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये 22.43 चा राष्ट्रीय विक्रम केला, अंतिम फेरीत 22.47 ने चौथा आला, आणि कांस्य 22.46 ला गेलं. सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिक पोहलेला, 2010 च्या ग्वांगझूमध्ये 50 मीटर बटरफ्लायचं कांस्य जिंकून आशियाई स्पर्धेतला भारताचा 24 वर्षांचा जलतरणातला दुष्काळ संपवणारा हा पोहणारा. त्या पातळीवर 0.01 म्हणजे पदक. ब्लॉकवरून उडी मारताना कमरेत पाणी शिरलं तर 0.01 पेक्षा कितीतरी जास्त जातं.

दोन सूट, दोन स्वभाव

कार्बन कोअर एफएक्सच्या कापडात कार्बनचे धागे आहेत. कापड एका मर्यादेपर्यंत ताणू द्यायचं आणि मग आवळायचं, अशी अरीनाच्या कार्बन सूटमागची कल्पना. कोअर एफएक्समध्ये भर कमरेच्या भागावर. घातल्यावर पोटाच्या खालचा भाग आणि नितंबाचा वरचा भाग बांधून ठेवल्यासारखा वाटतो, मांडीवर मात्र त्या मानाने मोकळीक मिळते. ज्यांची कंबर 35-40 मीटरनंतर खाली जाते त्यांना हा जास्त मानवतो.

प्युअर इंटेंट जास्त ताठ. त्यात वेगवेगळ्या पोताची कापडं शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर बसवली आहेत, शार्कच्या कातडीची नक्कल करणारा खडबडीत भाग हाताला लगेच कळतो. मांडीचा दाब जोरदार. पहिल्यांदा घालणाऱ्याला पाय वर उचलताना अडखळल्यासारखं होतं, आणि ते ताठपण पाच-सहा वेळा घातल्यावरच निवळतं. सहा बीटची (दोन्ही हातांच्या एका फेऱ्यात सहा वेळा) जोरदार किक मारणाऱ्या, भरीव मांड्यांच्या स्प्रिंटरसाठी हा सूट आहे. बारीक मांड्यांच्या पोरांना तो गुडघ्याजवळ सैल पडतो आणि मग त्याचा काही उपयोग राहत नाही.

हलके पर्याय म्हणजे स्पीडोचा प्युअर व्हॅलर आणि अरीनाचा कार्बन एअर. दाब कमी, हालचाल मोकळी. ब्रेस्टस्ट्रोक आणि 200 मीटर किंवा त्याहून लांब शर्यतींना आम्ही तेच सुचवू. फ्रीस्टाइलच्या 50 मीटरला मात्र ताठ सूटच हवा, कारण ती शर्यत सुरू झाल्यावर सावरायला वेळच नसतो. 100 साठी मत थोडं विभागलं जाईल. परतीच्या लांबीत मांड्या भरून येणाऱ्याने व्हॅलर किंवा एअर घालून पाहावा, कंबर खाली जाणाऱ्याने कोअर एफएक्स. यात चूक बरोबर काही नाही, तुमचा 100 कुठे मोडतो ते कोचला विचारा.

माप

दुकानातल्या चार्टमधला कमरेचा आकडा पुरेसा नाही. तीन मापं घ्या, सकाळी, उपाशीपोटी, टेप कातडीला टेकवून पण न आवळता: कमरपट्टी बसेल तिथली कंबर, नितंबाचा सर्वांत रुंद भाग, आणि मांडीचा सर्वांत जाड भाग. तिन्ही मापं एकाच आकारात आली तर प्रश्न मिटला. दोन आकारांच्या मध्ये आलात आणि शर्यत 50 किंवा 100 ची असेल, तर लहान आकार. 200 असेल किंवा आयुष्यातला पहिलाच जॅमर असेल, तर मोठा. जिममध्ये जाणाऱ्या स्प्रिंटरांची मांडी आणि कंबर वेगवेगळ्या आकारात येतात. अशा वेळी मांडी धरून चाला, कमरेला नाडी आहे.

आकार बरोबर असेल तर पहिल्यांदा चढवायला पुरुषांना 15-20 मिनिटं लागतात. पाच मिनिटांत चढला तर सूट मोठा आहे. अर्धा तास झटून मांडीच्या वर येत नसेल तर लहान. एवढा लहान सूट ओढून चढवला तर ब्लॉकवर वाकताना शिवण जाते.

चढवताना

अंग पूर्ण कोरडं हवं. ओल्या कातडीवर कापड चिकटतं आणि ओढताना फाटतं. तेल, व्हॅसलिन, सनस्क्रीन कमरेखाली अजिबात नको, लवचीक धागा त्यानेच सैल पडतो. नखं आदल्या दिवशी कापून घासून घ्या, अंगठ्या काढा.

पायात पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवा, म्हणजे टाच आणि घोटा सरकन आत जातो. सूट आतून अर्ध्यापर्यंत गोळा करून एक पाय घाला, मग दुसरा, आणि दोन्ही पाय गुडघ्याच्या वर येईपर्यंत कमरेला हातच लावू नका. बहुतेकांचं इथेच चुकतं. कमरपट्टी धरून वर ओढली की सगळा ताण त्या एका शिवणीवर येतो आणि मांडीचं कापड खालीच राहतं. बोटांच्या पेरांनी कापडाची छोटी चिमूट धरायची, वर सरकवायचं, सोडायचं, अर्धा इंच खाली पुन्हा धरायचं. गुडघ्याकडून मांडीकडे, मांडीकडून नितंबाकडे. दोन्ही पाय आळीपाळीने, एकच पाय शेवटपर्यंत नाही. बाजूची शिवण मांडीवर सरळ रेषेत राहिली पाहिजे. ती पुढे वळली तर पाय आतून पिळला गेला आहे, खाली घेऊन पुन्हा चढवा.

जांघेत कापड आणि कातडी यांच्यात पोकळी राहायला नको. ही पोकळी म्हणजे पाण्याची पिशवी: प्रत्येक किकला तिथे पाणी भरतं आणि मागे ओढतं. पोकळी दिसली तर मांडीकडे परत जा, तिथूनच कापड वर आणायचं आहे. शेवटी कमरपट्टी, मग नाडी. नाडी दुहेरी गाठ मारून आत खोचा.

आता तपासणी. पाच उठाबशा पूर्ण खाली बसून. मग स्टार्टच्या पवित्र्यात वाका, मागचा पाय टेकूवर असल्यासारखा. कमरपट्टी मागून उघडते का ते दुसऱ्या कुणीतरी पाहावं. दोन बोटं आत जात असतील तर डाइव्हमध्ये तिथून पाणी शिरणारच. गुडघ्याची रबरी कडा गोल फिरवून पाहा, कुठे घडी पडली असेल तर पाच मिनिटांत पाय सुन्न पडायला लागतो.

शर्यतीच्या 45 मिनिटं ते एक तास आधी चढवायला घ्या. वॉर्मअप साध्या सूटमध्ये. हीट आणि फायनलमध्ये दोन-तीन तासांचं अंतर असेल तर काढून ठेवा. दिवसभर घालून बसल्याने पायात रक्त नीट फिरत नाही आणि कापडही सैल पडतं.

काय बिघडतं आणि का

नितंबावरची शिवण ब्लॉकवर वाकताना जाते, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. कापडाचा दोष क्वचित असतो. मांडीचं कापड पुरेसं वर न आणल्यामुळे मागचा भाग आधीच पूर्ण ताणलेला असतो, वाकल्यावर त्याला जागा उरत नाही.

नखाने पडलेलं छिद्र सुरुवातीला टाचणीच्या टोकाएवढं असतं. ते पसरतं. चढवताना त्या जागी चिमूट धरायची नाही एवढं लक्षात ठेवलं तर सूट आणखी काही शर्यती काढतो. सुई-दोऱ्याने शिवू नका, प्रत्येक टाक्याला नवं छिद्र पडतं. वरून टेप किंवा पॅच लावला तर मान्यता जाते.

आपल्याकडच्या तलावांचा खास त्रास म्हणजे कडा. सिमेंट किंवा शहाबादी फरशीच्या कडेवर बसलं की मागचं कापड खरडतं, तंतू उभे राहतात आणि तिथला पाणी झटकणारा लेप सर्वांत आधी जातो. जॅमर घालून बसायचंच असेल तर खाली टॉवेल घ्या. ब्लॉकच्या खरखरीत पृष्ठभागावरही बसू नका.

लेप उरला आहे का हे पाहायचं तर सुकलेल्या सूटवर हाताने पाण्याचे थेंब टाका. थेंब मोत्यासारखे घरंगळले तर लेप शाबूत आहे. कापडाने थेंब पिऊन गडद डाग पडला तर तिथलं काम संपलं. साधारण आठ-दहा शर्यतींनंतर मांडीच्या पुढच्या भागावर हे दिसायला लागतं. क्लोरीन जास्त असलेल्या तलावात त्याहून लवकर. दाब त्यानंतरही काही काळ टिकतो, म्हणून सूट लगेच बाद होत नाही, पण मोठ्या फायनलला तो नको.

धुणं सोपं आहे. शर्यत संपली की लगेच गार, साध्या पाण्यातून काढा. साबण नाही, गरम पाणी नाही, मशीन तर नाहीच. पिळायचा नाही. टॉवेलवर आडवा पसरून गुंडाळा, दाबा, मग सावलीत सपाट वाळवा. उन्हात वाळवला की चिकटवलेल्या पट्ट्या कडेने सुटायला लागतात. ओला सूट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बसच्या डिकीत टाकणं हा तो लवकर मारण्याचा हमखास मार्ग.

पैसे, मान्यता आणि वय

या श्रेणीतला पुरुषांचा जॅमर परदेशात साधारण 300 ते 450 डॉलरला मिळतो. आयात कर आणि कुरिअर धरलं की आपल्या हातात येईपर्यंत बराच वाढतो. मापाची खात्री नसताना बाहेरून मागवू नका, एकदा घालून पाहिलेला सूट परत घेत नाहीत. मधल्या श्रेणीतले सूट याच्या तिसऱ्या हिश्श्यात येतात. त्यांच्यावरही मान्यतेचं लेबल असतं. जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या बहुतेक पोहणाऱ्यांना तेवढा पुरतो, हे आमचं ठाम मत आहे.

सूटवर जागतिक जलतरण महासंघाच्या मान्यतेचं लेबल हवं, आणि त्यावरचं मॉडेल त्यांच्या यादीत असायला हवं. लेबल कापून टाकू नका, शर्यतीआधी पोहणाऱ्यांना जमवतात त्या कॉल रूममध्ये ते पाहतात. ऑनलाइन फार स्वस्तात मिळणाऱ्या सूटवर लेबल छापलेलं असतं पण शिवणी टाक्यांच्या, कापड जाड. तसला सूट हाताळताक्षणी कळतो: खरा सूट पातळ, कागदासारखा, हातात घेतला तर अंगात जाईल असं वाटतच नाही.

बारा वर्षांच्या आतल्या मुलांना हे सूट घेऊ नका. अमेरिकेच्या जलतरण संघटनेने सप्टेंबर 2020 पासून 12 आणि त्याखालच्या वयोगटात असे सूट घालायला बंदीच केली. मुलं सहा महिन्यांत आकार बदलतात, शिवाय टायमिंग कमी झालं तर ते मेहनतीने झालं की सूटने, हे ना मुलाला कळतं ना पालकांना. त्या पैशात चांगल्या कोचकडे स्टार्टची शिकवणी लावा. आपल्याकडे ब्लॉकवर टेकू असलेले तलाव मोजके आहेत, तिथे आठवड्यातून एक सत्र मिळवलं तरी 50 मीटरमध्ये जॅमरपेक्षा जास्त फरक पडतो.

मुलींसाठी वेगळं

मुलींच्या सूटला खांद्याच्या पट्ट्या असल्यामुळे हिशेब बदलतो. उघड्या पाठीचा सूट खांद्याला मोकळा, बंद पाठीचा पाठ आणि कंबर एकत्र बांधणारा. स्प्रिंटला बंद पाठ फायद्याची, पण धडाची लांबी जास्त असेल तर पट्ट्या खांद्यात रुततात आणि कॅच घेताना, म्हणजे हाताने पुढचं पाणी पकडताना, हात पुढे ताणता येत नाही. म्हणून कंबर आणि मांडीच्या जोडीला चौथं माप घ्या: खांद्यावरून पुढून जांघेतून मागे घेऊन पुन्हा त्याच खांद्यापर्यंत. चढवायला अर्धा तास धरा आणि पट्ट्या सर्वांत शेवटी, दुसऱ्याच्या मदतीने चढवा.

कापडी सूटमध्ये कुठवर जाता येतं याचं उत्तर मुलींच्या 50 मीटरमध्ये लवकर मिळालं. ब्रिटा स्टेफनचा रोममधला 23.73 चा पॉलियुरेथेनच्या काळातला विक्रम सारा शोस्ट्रमने 2017 मध्येच 23.67 ने मोडला, आणि 2023 मध्ये तो 23.61 वर नेला.

लेप गेलेला पण दाब शाबूत असलेला जुना सूट ठेवून द्या. मोसमाच्या सुरुवातीच्या छोट्या स्पर्धांना तो घालता येतो. मोठ्या स्पर्धेच्या दहा-बारा दिवस आधी तोच घालून तीन-चार डाइव्ह आणि 25 मीटरचे दोन-तीन वेगवान स्प्रिंट मारा, म्हणजे घट्ट सूटमध्ये पाय कसे हलतात याची सवय परत येते. नवा सूट त्या आधी एकदाच, घरी, कोरड्यात चढवून बघायचा आणि काढून ठेवायचा.